परक्या बांधावरचा माझा भाऊ

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. समोर मोड आलेल्या कडव्या वालांची परात, बोटं ओली, म्हणून फोन कोपरानेच जवळ ओढला आणि कसाबसा स्पीकरवर टाकला. "वन्सं..." एवढंच ती म्हणाली आणि थांबली. माझी ही भावजय गेली पंचवीस वर्षं अमेरिकेतून फोन करते आहे, पण "वन्सं" म्हणून ती कधी थांबलेली नाही. पुढची दहा मिनिटं तिची गाडी सुटलेली असते. त्या थांबण्यातच मला कळायचं ते कळलं. माझा धाकटा भाऊ दत्ताराम, वय वर्षं एकसष्ट, रविवारी तिकडच्या नदीच्या बांधावरून फिरून आला, बूट काढायला दाराच्या पायरीवर बसला आणि तिथेच गेला. एक बूट पायातच होता, असं ती म्हणाली.

फोन ठेवला आणि मी उरलेले वाल सोलले. सगळे. शेजारच्या बाई धावत आल्या, म्हणाल्या, "अहो बाई, उठा आता." मी म्हटलं, "नासतील." मी आता राहते त्या पेणमध्ये दोन दिवस चर्चा होती म्हणे, की बाईंचा सख्खा भाऊ गेला आणि बाई बिरड्या सोलत होत्या. असू दे. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, माझ्याबद्दल लोक काय बोलतात हे ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय आहे. खरं सांगायचं तर आमच्या घरात रडण्याचं खातं दत्तूकडे होतं. तो आम्हा सगळ्यांच्या वाटणीचं रडायचा, त्यामुळे बाकीच्यांना कधी ती विद्या आलीच नाही.

आता त्याला जाऊन पाच आठवडे झाले. मध्यंतरी एक बाई भेटायला आल्या. त्यांची मुलगी मी शिकवलेली. चहा झाला, "फार वाईट झालं" झालं, मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, आमच्या पोरीला अमेरिकेत नोकरी लागत्येय. पण ती फार हळवी आहे हो. कोणी मोठ्याने बोललं तरी दोन दिवस जेवत नाही. अशी पोर तिथे टिकेल का?" मला हसावं की चिडावं कळेना. माणूस भेटायला आला कशासाठी आणि विचारतोय काय! पण मग वाटलं, बरोबर माणसाला विचारलं. कारण हाच प्रश्न मी स्वतः पंचवीस वर्षं चघळला आहे, आणि त्यातली निम्मी वर्षं त्याचं उत्तर मी ठामपणे चुकीचं देत होते.

कासू स्टेशनला उतरून खाडीच्या बाजूला चालू लागलं की आमचं गाव. सगळी खारजमीन. समुद्राचं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाच्या आतल्या अंगाला आमची भातशेतं. बांध आहे तोवर भात आहे. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी आत येतं आणि मग तीन-तीन वर्षं जमीन तोंड वासून पडते. आई गेली तेव्हा दत्तू सहा वर्षांचा आणि मी तेरा. आमचे वडील, त्यांना आम्ही बापू म्हणायचो, दर पुनवेला आणि अवसेला उधाणाच्या आधी बांधावरून चालत जायचे. खेकड्यांची बिळं शोधायला. एवढंसं बीळ, पण उधाणाचं पाणी त्यातून शिरलं की सकाळपर्यंत त्यातून बैलगाडी जाईल. दत्तूचे डोळे या कामात फार तेज. पण बीळ सापडलं की त्याचं सुरू... आतला खेकडा मरेल. मग बीळ बुजवण्याआधी तो कोपरापर्यंत हात घालून खेकडा बाहेर काढायचा, बोटाला चावून घ्यायचा, आणि खाडीच्या बाजूला नेऊन सोडायचा. बापू कपाळावर हात मारत. "आरं, खेकडा कालवनात टाकायचा असतो! तू त्याला सासरी काय धाडतंस!" अख्खं गाव त्याला हसायचं. शेजारचा गणूआजा म्हणायचा, "ह्याचं डोलं म्हंजे बांधाची उघाडी हाय, कवा पन उघडतेय." उघाडी म्हणजे बांधातला पाणी सोडायचा दरवाजा. हे नाव त्याला लग्नापर्यंत चिकटून होतं.

पण त्या बांधावरच मी त्याचं दुसरं रूप पाहिलं. आमच्याकडे रीत अशी, की खांड पडली, हाळी आली, की घरटी एक माणूस निघालाच पाहिजे. जेवत असेल तर हात धुऊन, आजारी असेल तर त्याच्या बदली दुसरा. कोणी बोलवायला येत नाही, कोणी हजेरी घेत नाही. दत्तू तेरा वर्षांचा असताना एकदा खांड पडली, बापू तापाने फणफणले होते, म्हणून हा गेला. छातीपर्यंत चिखलात उभा राहून चार तास मातीचे गोळे पुढे देत होता. खांड भरली. माणसं थकून बांधावरच बसली, बिड्या पेटल्या. तेव्हा हा पोरगा म्हणाला, "सावित्रीकाकूच्या घरातून कोणीच नाय आलं." कोणाच्या लक्षात नव्हतं. म्हाताऱ्यांना वाटलं, पोर चहाडी करतंय. हा म्हणाला, "चला बघायला. काय तरी झालं असंल." आणि तशीच चिखलाने माखलेली दहा-बारा माणसं त्या घरी गेली. सावित्रीकाकूचा नवरा पडवीत निपचित पडला होता, साप चावला होता, आणि एकट्या त्या बाईचा हाका मारून मारून आवाज बसला होता. सगळं गाव बांधावर, ऐकणार कोण? त्यांनी त्याला डोलीत घालून वडखळला नेलं, तिथून गाडीने पुढे. वाचला तो. पुढे वीस वर्षं जगला. त्या दिवसापासून गावात रीतच पडली, की खांड भरली की आधी, ज्या घरातून कोणी आलं नाही त्या घरी जायचं. जाब विचारायला नव्हे, चौकशीला. उघाडी म्हणून ज्याला हसायचे त्या पोराने लावलेली रीत... मला तेव्हा अभिमान वाटला असेल, पण मी तो दाखवला नाही. मी त्याला म्हटलं, "आधी पाय धू."

मी रोह्याला शिक्षिका म्हणून लागले, तिथेच लग्न झालं. दत्तू केमिकलमध्ये शिकला आणि त्याला धाटावला एका कंपनीत नोकरी मिळाली, तेव्हा तो माझ्याकडेच राहायचा. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, त्याच्या वेळा मला पाठ. सुट्टी आली की पॅसेंजर पकडून बापूंकडे. वाटेतल्या निडी स्टेशनला गाडी जरा जास्त थांबली तर हा खिडकीतून डोकं काढून इंजिन ड्रायव्हरची चौकशी करायचा, असा. कंपनीत कोणा हेल्परला साहेबाने शिवी दिली की घरी येऊन याचं जेवण अर्धं. सुनंदाशी लग्न झालं, बापू गेले, आणि त्या पुढच्याच वर्षी याला अमेरिकेतल्या एका पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर काम मिळालं. देशाच्या मध्यावरचं कुठलंसं नदीकाठचं लहान गाव. त्याचं नाव मला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, म्हणून लिहीत नाही.

मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही. मी त्याहून वाईट केलं. मी म्हटलं, "तू नाही टिकणार." येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत सुटले. तिथे कोणी कोणाला विचारत नाही, शेजारी मेला तरी वासावरून कळतं, हा लोण्याचा गोळा तिथे चार महिन्यांत वितळेल आणि परत येईल. मी अमेरिका पाहिली नव्हती, पण मत तयार होतं. मास्तरणीची खोड. आणि मनातलं सांगू? तो टिकू नये असंच मला वाटत होतं. ज्याला मी तेरा वर्षांची असल्यापासून न्हाऊ-माखू घातलं, तो असा उठून जातोच कसा? तो गेला गोकुळअष्टमीच्या सुमारास, आणि दिवाळीत मी धाटावच्या त्याच्या जुन्या साहेबांच्या घरी फराळाचा डबा घेऊन गेले. "दत्ताराम परत आला तर त्याला घ्याल ना?" साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "अहो बाई, त्याची जागा आहेच. सध्या हंगामी माणूस ठेवलाय." मी खूश होऊन घरी आले. हे मी कोणालाच सांगितलं नाही. सुनंदा तेव्हा नागोठण्याला माहेरी होती, कागदपत्रं व्हायची वाट बघत. तिलाही नाही.

मार्चमध्ये फोन आला. आवाज ऐकूनच समजलं, उघाडी उघडली आहे. झालं होतं असं. त्या गावाला नदीच्या पुरापासून वाचवणारा मातीचा मोठा बांध आहे. हा प्राणी दर रविवारी त्याच्यावरून फिरायला जायचा, दुसरं जाणार कुठे? आणि एके दिवशी त्याला बांधाच्या कुशीत बीळ दिसलं. घुशीसारखा पण मांजराएवढा कसलासा प्राणी असतो तिकडे, त्याचं. बर्फ वितळायचे दिवस, नदी चढायला लागलेली. यानं काय करावं? पुढच्या रविवारी दुकानातून फावडं आणलं, पोतंभर चिकणमाती आणली, आणि लागला की बीळ उकरायला! आपली पद्धत तीच, आधी बीळ शेवटपर्यंत उघडायचं, मग आतून ठासत यायचं. पण तिथल्या लोकांना काय दिसलं असेल? एक परका, सावळा माणूस, दिवसाढवळ्या गावाचा बांध खणतोय. दहा मिनिटांत पोलिसांच्या दोन गाड्या. याला गुडघ्यांवर बसवलं, हात डोक्यावर. हा घाबरून सांगतोय काय, तर "खेकड्याचं बीळ, खेकड्याचं बीळ." समुद्र तिथून हजार मैल लांब! त्यांना वाटलं, वेडा तरी आहे नाहीतर त्याहून काही वाईट. बांध सांभाळणाऱ्या मंडळाचा म्होरक्या आला, वॉल्टर म्हणून, उंच, लालबुंद, तो सगळ्यांत जास्त ओरडला. शेवटी सोडलं, पण मंडळाच्या बैठकीला हजर राहायचा कागद हातात देऊन. नोकरी जाते की काय, व्हिसा जातो की काय, सगळंच टांगणीला.

"बाय," तो म्हणाला, आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाय म्हणतात, "मला गुडघ्यांवर बसवलं गो... सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर. एका गाडीत पोरं होती, ती बघत होती." आणि मग बराच वेळ नुसतं रडणं. मग म्हणाला, "बाय, मी येऊ का परत?"

मी म्हटलं, "ये. तुझी जागा बघून ठेवलीय मी धाटावला."

त्याने नाक ओढलं. "कवा बघितलीस?"

"दिवाळीत."

"म्हणजे मी येणार, हे तुला म्हाईतच होतं."

"मला नाही म्हाईत तर कोणाला?" मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

तो परत आला नाही. तीन आठवडे फोन नाही. मग एकदा फोन करून हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "इथेच राहतो. सुनंदाचं तिकीट काढलंय." मी का म्हणून विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणा. ज्या बहिणीने आईसारखं वाढवलं, ती आपण मोडून पडायची वाट बघत बसली होती, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्या रागाने, हट्टाने तो तिथे राहिला... अशी माझी खात्री झाली. दत्तूसारख्या माणसाला ते किती लागलं असेल, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तो पुढेही दर आठवड्याला फोन करायचा, पैसे लागतील का विचारायचा, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. पण त्याचं ते "बरं" माझ्या कानातून गेलं नाही. मी माझ्या हाताने माझा भाऊ घालवला, हे मी मनाशी धरून बसले.

बैठकीत काय झालं ते मला फार नंतर कळलं, बारा वर्षांनी मी तिकडे गेले तेव्हा. मुदतीआधीच निवृत्त झाले होते, हे वारले होते, सुनंदाने हट्टच धरला. आधी तिथलं सांगते. अहो, पहिल्या चार दिवसांत मला रस्त्यावर एक माणूस चालताना दिसला, तोही कुत्रा ओढत होता म्हणून! दारं बंद, खिडक्या बंद, सगळं कसं छान आणि सामसूम. दुकानात गेलं की गल्ल्यावरची बाई हसून "कशा आहात" विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत सामान पिशवीत भरायला घेते. आमचा दत्तू मात्र तिथे थांबून खरं उत्तर द्यायचा. "आज जरा बरं नाही. आईची आठवण आली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे रांग लागलेली! पण ती बाई थांबली, हातातला टोमॅटोचा डबा तसाच धरून म्हणाली, माझी आई मागच्याच महिन्यात गेली. आणि दोघं उभे राहिले. रांग पण उभी राहिली. मी सुनंदाकडे बघितलं तर ती म्हणाली, "वन्सं, ह्या दुकानात हे नेहमीचंच आहे. घाई असलेले लोक दुसरी रांग धरतात."

तर ती बैठक. सुनंदाने सांगितलं, हा इस्त्री केलेला शर्ट घालून गेला, एका कागदावर माफी लिहून. वाचायला उभा राहिला तर वॉल्टर म्हणाला, थांब. वॉल्टरने मधल्या दिवसांत जाऊन ते बीळ स्वतः खणून पाहिलं होतं. ते बांधाच्या आरपार जायला हातभरच उरलं होतं. सगळ्यांसमोर तो माणूस म्हणाला, "याने खणलं ते बरोबर. न विचारता खणलं ते चूक. दोन्ही लिहून घ्या." आणि दत्तूला म्हणाला, "पुढच्या रविवारी आठ वाजता ये." एवढंच. गळाभेट नाही, टाळ्या नाहीत. त्याला एक भडक नारिंगी जाकीट दिलं. दत्तू हसत सांगायचा, "बाय, जाकीट घातलं की मी बांधाचा रखवालदार, काढलं की चोर. तेच फावडं, तोच मी."

मी त्याला तिथे बांधावर चालताना विचारलं होतं, "तुला राग नाही आला रे या लोकांचा?" मला खरं तर विचारायचं होतं, माझा राग नाही आला का? पण जीभ वळली नाही. तो चालता चालता थांबला. "आला ना. सहा महिने येत होता. पण बाय, त्यांना बांधाची काळजी होती म्हणून तर त्यांनी पोलीस बोलावले. बांधावर परका माणूस फावडं घेऊन उभा आहे आणि गावाला त्याचं काहीच नाही, अशा गावात मला झोप आली असती का?" ज्यांनी आपल्याला गुडघ्यांवर बसवलं त्यांच्या पोटातली काळजी बघायची, ही कुठली ताकद? मी चाळीस वर्षं जिला कमजोरी म्हणत आले ती हीच का? मग त्याने विचारलं, "आपल्या बांधाला मागच्या वर्षी खांड पडली तेव्हा कोण कोण गेलं होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही. आता ते सरकारी काम. अर्ज दिलाय." तो पुढे चालू लागला. त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं, ते त्याने बाहीला पुसलं.

मी असतानाच तिथे पूर आला. म्हणजे यायच्या बेतात होता. शाळेच्या मैदानात वाळूचे ढीग ओतले होते, आणि जी माणसं मला चार दिवस दिसली नव्हती ती सगळी बाहेर. म्हाताऱ्या, पोरं, पाद्री, पोलीस. कोणी हुकूम देत नाही, कोणी हजेरी घेत नाही. पोतं धर, वाळू भर, पुढे दे. हातांची रांग थेट बांधापर्यंत. मी पदर खोचला आणि रांगेत उभी राहिले. माझ्या शेजारच्या अगडबंब गृहस्थाने माझ्या साडीकडे एकदा पाहिलं आणि अर्धं भरलेलं पोतं माझ्याकडे दिलं, पूर्ण भरलेलं पलीकडच्याला. अंगावर काटा आला हो माझ्या. आमच्या बापूंचा बांधच की हा! मी ज्यांना दगड म्हणत होते ती माणसं फक्त घरात होती, हाळी कधी देतात याची वाट बघत.

संध्याकाळी पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभर थांबलं. लोक कॉफी घेत बसले. दत्तू वॉल्टरला म्हणाला, "कडेच्या निळ्या घरातून कोणी आलं नाही." वॉल्टरने नुसती मान हलवली आणि गाडीची किल्ली काढली. म्हणजे त्यांना सवय होती तर! मीही गेले. आणि दत्तू त्या घराच्या दारापर्यंत गेलाच नाही. रस्त्यावरच उभा राहिला, पावसात, जाकीट दिसेल असा, दोन्ही हात मोकळे, आणि हाक मारली. परत मारली. तिथे कोणाच्या दारावर धडकायचं नसतं, लोक घाबरतात, हे तो शिकला होता. पण निघून जायचं असतं, हे मात्र तो शिकला नव्हता. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तसे उभे. शेवटी पडदा हलला. आत एक म्हातारी होती, पाय सुजून टम्म झालेले, चालता येत नव्हतं, आणि मदत मागितली तर मांजरांना सोडून यावं लागेल म्हणून गप्प बसलेली. मांजरं पाच. ती पाचही दत्तूने एकेक करून गाडीत नेली, दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे. लहानपणीच्या खेकड्यांपासून ह्याचं नशीबच असं. मी हसत होते आणि हसता हसता मला भीतीसारखं काहीतरी वाटलं. देवळात मोठी मूर्ती अचानक समोर आली की वाटतं तसं. हा माणूस माझा भाऊ आहे, आणि मी याला ओळखत नाही.

तरीही तो प्रश्न मी विचारला नाही. तू माझ्यावरच्या रागाने इथे राहिलास का? विमानतळावर निरोप देताना ओठांवर आला होता. तो रडत होता, नेहमीप्रमाणे, आणि मी म्हटलं, "पुरे, लोक बघतायत." पुढची तेरा वर्षं फोनवर भाजीपाला बोललो. वाटायचं, कधीतरी विचारू. आता विचारायला माणूस नाही.

गेल्या आठवड्यात सुनंदा आली. अस्थी घेऊन. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळं तीच करते आहे. खाडीच्या तोंडाशी अस्थी सोडल्या, घरी आलो. ती तिकडचं सांगत होती. तिथे दुःखालासुद्धा लोक आधी फोन करून, वेळ ठरवून येतात, तसे आले. फक्त वॉल्टर, आता ऐंशीच्या पुढचा, न विचारता आला, स्वयंपाकघरात बसला आणि दोन तास एक अक्षर बोलला नाही. मी ऐकत होते. आणि कोण जाणे कसं, मी बोलून गेले, "सुनंदा, तो माझ्यामुळे तिकडे राहिला गो. मी त्याची इथली जागा बघून ठेवली होती, तो मोडेल म्हणून. ते त्याला लागलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "वन्सं, तुम्हाला असं वाटतंय? इतकी वर्षं?" मग म्हणाली, "तुमच्याशी बोलून त्यांनी फोन ठेवला आणि लगेच मला नागोठण्याला केला. रडत होते, पण आवाज वेगळा होता. म्हणाले, बायने माझी जागा धरून ठेवलीय. दिवाळीपासून. आता मला कसलं भ्याव? आता बैठकीला जातो. हाकललं तर घर हाय. तोवर बघतो राहून. आणि मग दरवर्षी तेच चालायचं त्यांचं. वर्ष संपलं की म्हणायचे, अजून एक वर्ष राहू या, बायकडे जागा हायच. पंचवीस वर्षं आम्ही एकेक वर्ष राहिलो."

मी म्हटलं, "अगो, पण ती जागा कधीच गेली होती. त्या फोननंतर सहा महिन्यांत त्या हंगामी माणसाला कायम केलं. पुढे कंपनीच बंद पडली. मी दत्तूला कधी सांगितलं नाही..."

"त्यांना माहीत होतं," सुनंदा म्हणाली. "ज्याला कायम केलं तो त्यांचाच दोस्त. त्याने त्याच आठवड्यात कळवलं होतं. ते नोकरीचं नव्हते बोलत, वन्सं."

मग मात्र मला रडू आवरेना. सुनंदाने थांबवलं नाही.